वाफेच्या आठवणी नेमक्या कुणाच्या?

मित्रांनो, एक सोपा प्रश्न. वाफेचं इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या डोळ्यांसमोर पहिला येतो तो निळ्या रंगाचा, गोल चेहऱ्याचा थॉमस. त्याच्या मागोमाग हॉगवर्ट्सला जाणारी लाल गाडी. मराठी माध्यमातल्या माझ्या मैत्रिणींना मामाच्या गावाला जाणारी आगीनगाडी आठवते, आणि ज्यांच्या घरी ‘शोले’ची पारायणं झाली आहेत त्यांना मालगाडीवरची मारामारी! म्हणजे बघा, आपल्यापैकी एकानेही रोजच्या कामावरचं वाफेचं इंजिन पाहिलेलं नाही. तरी त्याची ‘आठवण’ मात्र सगळ्यांना येते.

घरच्या ग्रुपवर दर महिन्याला एक फोटो हमखास येतो. बंदुकीच्या गोळीसारखं तोंड असलेलं आणि त्यावर चांदणी रंगवलेलं डब्ल्यूपी इंजिन, मागे काळ्या धुराचा लोट आणि खाली चार ओळी, ‘गेले ते दिवस’ छापाच्या. काकांचे हात जोडलेले, मावशीचे रडके चेहरे. मला या आठवणींबद्दल तक्रार नाही. त्या खऱ्याच आहेत. पण माझं म्हणणं असं की त्या अर्ध्या आहेत. त्या डब्यात बसलेल्यांच्या आठवणी आहेत. इंजिनात उभं असलेल्यांच्या नाहीत.

आधी थोडा इतिहास, कारण तारखा माहीत असल्या की बोलायला बरं पडतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. ती ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि १९३० मध्ये डेक्कन क्वीन विजेवरच पुण्याला आली. म्हणजे मुंबई-पुणे मार्गावर वाफेचे शेवटचे दिवस आपल्या पणजोबांच्या काळातच आले होते. पण पुण्याच्या पुढे, दौंडकडे, कोळशाचंच राज्य आणखी कित्येक दशकं चाललं. स्वतंत्र भारताने १९५० साली चित्तरंजनला वाफेची इंजिनं बनवायला घेतली आणि १९७२ पर्यंत २३५१ बनवली. जग डिझेल आणि विजेकडे वळत असताना आपण हे करत होतो, कारण कोळसा आपला होता आणि डिझेल बाहेरून आणावं लागत होतं. इंग्लंडने ११ ऑगस्ट १९६८ ला आपल्या मुख्य मार्गांवरच्या वाफेला निरोप दिला. आपल्या ब्रॉडगेजवर तो दिवस १९९५ साली उजाडला, फिरोजपूर-जालंधर मार्गावर. मीटरगेजवर ती शतक संपेपर्यंत रेंगाळली.

आता इंजिनात चढू या.

माझे आजोबा (आईचे वडील) दौंडला फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. लहानपणी मी त्यांना ‘आजोबा, इंजिन चालवताना मज्जा यायची का हो?’ असं विचारायची. ते म्हणायचे, ‘मज्जा कसली गं, पाठ बघ माझी!’ मला तो विनोद वाटायचा. सेकंड इयरला थर्मलचा पेपर आला तेव्हा मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि तेव्हा कुठे मला कळलं की ‘बॉयलर माउंटिंग्ज ॲण्ड ॲक्सेसरीज, पाच मार्क’ हा माणसाच्या जिवाशी खेळ असतो.

डब्ल्यूजी म्हणजे मालगाडीचं ब्रॉडगेज इंजिन. बॉयलरमधला दाब दर चौरस इंचाला २१० पौंड. फायरबॉक्सचं दार उघडलं की समोर पांढरी-पिवळी आग, मागे टेंडरमध्ये कोळशाचा डोंगर आणि मध्ये हलत्या पत्र्यावर फावडं घेऊन उभा असलेला माणूस. आपल्याला वाटतं, कोळसा टाकायचा म्हणजे टाकायचा, त्यात काय शिकायचं? आजोबा सांगतात, नवखा फायरमन एकदम भरपूर कोळसा टाकतो. मग आग दबते, काळा धूर येतो आणि प्रेशर खाली जातं. जाणता फायरमन थोडा थोडा टाकतो, वारंवार टाकतो आणि जाळीवर जिथे आग पांढरी पडून पातळ झाली असेल तिथेच नेमका टाकतो. आपल्याकडच्या कोळशात राख जास्त, त्यामुळे जाळीवर क्लिंकरचे थर धरायचे. ते लांब सळईने फोडायचे, तेही गाडी चालू असताना.

म्हणजे ग्रुपवरच्या फोटोत तो देखणा काळा लोट दिसतो ना, तो बहुतेक वेळा वाया चाललेला कोळसा असतो! आजोबांच्या भाषेत ती फायरमनची फजिती. आपण तिला लाइक देतो.

दुसरं काम पाण्याचं. गेज ग्लासमधली पाण्याची पातळी नजरेआड होऊ द्यायची नाही. पाणी फायरबॉक्सच्या माथ्याखाली गेलं तर धातू तापून मऊ होतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्यासाठी माथ्यावर लेड प्लग बसवलेला असतो. पाणी कमी झालं की तो वितळतो आणि वाफ आगीवर सुटते. आपण व्हायव्हात ‘फ्युजिबल प्लग इज अ सेफ्टी डिव्हाइस’ असं घडाघडा म्हणून मोकळे होतो. आजोबांच्या लेखी प्लग जाणं म्हणजे गाडी जागेवर उभी, चौकशी सुरू आणि नोकरी टांगणीला.

उन्हाळ्यात नगरच्या बाजूचं ऊन वरून आणि भट्टी समोरून. थंडीच्या रात्री छाती भाजतेय आणि पाठ गारठतेय. डोळ्यांत कोळशाचे कण. इतकं करून हे यंत्र कोळशातल्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष ओढायला किती वापरतं, तर शेकड्यात एका आकडी! बाकी सगळी उष्णता धुराड्यातून आभाळात. कोणत्याही इंजिनिअरला हा आकडा बघून त्या यंत्राला निरोप द्यावासा वाटेल. डिझेल आलं ते योग्यच झालं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि आजोबांच्या मनात तर मुळीच नाही.

आजीला विचारलं तर तिची आठवण आणखी वेगळी. रात्री दोनला कॉलमन दार वाजवायचा. ती उठून स्टोव्ह पेटवायची आणि डबा बांधायची. नवरा परत कधी येईल याचा नेम नाही, आज रात्री की परवा सकाळी. आला की कपडे भिजवायचे, आणि तीनदा पाणी बदललं तरी काळंच. ‘तुमच्या त्या इंजिनाची आठवण मला विचारू नका, मी ते रोज घासलंय,’ असं ती म्हणते. ग्रुपवर फोटो आला की आजी हात जोडत नाही. ती सरळ पुढचा मेसेज बघते.

मग वाफेच्या काळात चांगलं काहीच नव्हतं का? होतं ना. ते धुरात नव्हतं, माणसांच्या हातात होतं. धुराड्यातून येणाऱ्या ‘छक-छक’चे चार ठोके सारखे पडत नसले की इंजिन न उघडता आजोबा सांगायचे की व्हॉल्व्हची सेटिंग बिघडली आहे. पुढे चढ आहे म्हणून आग आधीच कशी तयार ठेवायची, उतारावर पाणी कधी भरून घ्यायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. रेल्वेचं वेळापत्रक या न लिहिलेल्या शहाणपणावर चालत होतं. डिझेल आल्यावर फायरमन डिझेल असिस्टंट झाले. पगार राहिला, नोकरी राहिली, पाठही वाचली. पण वीस-पंचवीस वर्षांत कमावलेलं कसब एका बदलीच्या कागदाने बिनकामाचं झालं. ‘तुम्हाला काय काय येतं ते लिहून द्या’ असं त्यांना कुणीही म्हटलं नाही.

विदर्भातल्या मित्रांना शकुंतला माहीत असेलच. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज गाडी, कापसासाठी इंग्रजांच्या कंपनीने टाकलेली. मँचेस्टरला बनलेलं तिचं झेडडी इंजिन १९९४ पर्यंत राबत होतं. वाफेवर प्रेम करणारे लोक हळहळतात ते ‘ते जुनं इंजिन गेलं’ म्हणून. त्या गावांतल्या माणसाचं दुःख वेगळं आहे. इंजिन डिझेलचं झालं याचं त्याला काही नाही, पण पुढे गाडीच बंद झाली आणि स्वस्तात तालुक्याला जायची सोय गेली. एकाच रुळाच्या या दोन आठवणी, पण आपल्यापर्यंत फोटोवाली पोचते आणि तिकीटवाली पोचत नाही.

आणि वाफ गेली असं तरी कुठे आहे? देशाचं ब्रॉडगेज जाळं आता जवळजवळ पूर्ण विजेवर आलं आहे. पण ती वीज मोठ्या प्रमाणात येते कुठून? कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळजवळचं दीपनगर अशा ठिकाणांहून. तिथे आजही कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाईन फिरतं. कार्यक्षमता कितीतरी पटींनी वाढली, हा आपल्या विद्येचा विजय आहे. पण धूर आणि राख संपली नाही. ती स्टेशनवरून उचलून चंद्रपूरकडच्या लोकांच्या अंगणात गेली. आपण एसी डब्यात बसून जुन्या धुराचे फोटो फॉरवर्ड करतो तेव्हा आजचा धूर दुसरंच कुणीतरी घेत असतं. धुराची शोभा आपल्याला आणि काजळी दुसऱ्याला, ही वाटणी काही बदललेली नाही.

काहीजण म्हणतील, ‘अगं, लोकांना आठवणींत रमू दे की! तुझं काय जातं?’ रमू देत. दार्जिलिंगची गाडी, निलगिरीची गाडी जपलीच पाहिजे. १८५५ सालचं फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा दिल्ली-अलवर मार्गावर धावलं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण इंजिन जपणं तुलनेने सोपं आहे. रंग द्यायचा, चौथऱ्यावर चढवायचं, बाजूला पाटी लावायची. ते इंजिन तापवून चालवता येणारी माणसं मात्र चौथऱ्यावर ठेवता येत नाहीत. आणि इथेच घाई आहे. १९९० साली बावीस-तेवीस वर्षांचा असलेला शेवटच्या फळीतला फायरमन आज निवृत्तीच्या आसपास आला आहे. त्याच्या आधीच्या फळीतले माझ्या आजोबांसारखे. नावं विसरायला लागलेत, ऐकू कमी येतं. अजून दहा वर्षांनी विचारायला गेलो तर दार उघडायला कुणी नसेल.

म्हणून एक साधा प्रस्ताव. आपल्या कॉलेजात भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, मिरज, अजनी इथली कितीतरी मुलं आहेत. प्रत्येकाच्या गल्लीत एखादा निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, फिटर किंवा शेडमधला खलाशी असतोच. या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊ या. मोबाईलवर रेकॉर्ड करू या. ‘तेव्हा कसं छान होतं ना?’ असं विचारायचं नाही. त्यांना विचारायचं की आग कशी लावायचा, बॉयलर धुवायचा कसा, काय बिघडायचं, कुणाला भाजलं, घरी कोण जागायचं. बायकांनाही विचारायचं. मेकॅनिकलवाल्यांनी आकृत्या काढाव्यात, कॉम्प्युटरवाल्यांनी ते नीट साठवावं आणि पुढच्या अंकात आठ पानं त्यासाठी ठेवावीत. संपादक मंडळाने मनावर घ्यावं ही नम्र विनंती (आणि सबमिशनच्या आठवड्यात सांगू नये, ही त्याहून नम्र विनंती!).

शिवाय ही यादी वाफेपाशी थांबू नये. विजेच्या तारा सगळीकडे पोचल्या, आता डिझेलची पाळी आली आहे. वाराणसीच्या कारखान्याने १९६४ पासून डिझेल इंजिनं बनवली. तिथे आता विजेची बनतात आणि २०२० साली कारखान्याचं नावही बदललं. जुनी अल्को इंजिनं एकेक करून भंगारात चालली आहेत. आणखी वीस वर्षांनी त्यांच्या गुरगुरण्याचेही फोटो आणि व्हिडिओ फिरतील, आणि त्या शेडमधले ग्रीसने माखलेले फिटर तेव्हाही कुणाला आठवणार नाहीत. निदान या वेळी तरी माणसं नोकरीत आहेत तोवर विचारायला जाऊ या.

आपण इंजिनिअर होणार म्हणजे काय करणार? जुनं मोडून जास्त चांगलं बनवणार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपण जेव्हा एखादं यंत्र मोडीत काढतो तेव्हा ते चालवणाऱ्याचं ज्ञानही मोडीत निघतं. ते निदान ऐकून, लिहून घेणं एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो. उद्या आपल्या डिग्रीतलं अर्धंअधिक ज्ञान असंच जुनं होईल. तेव्हा आपल्यालाही कुणीतरी येऊन विचारावं असं वाटेलच की!