डेमो बघून दुकान थाटू नका

आपल्यापैकी बहुतेक जण आपापल्या घराण्याचे अधिकृत 'कॉम्प्युटरवाले' असतात. आधी काकांचा प्रिंटर, मग रेल्वेचं रिझर्व्हेशन, आणि आता मावशीचं किंवा वहिनीचं ऑनलाइन दुकान. काम सोपं वाटतं. शॉपिफाय घ्या नाहीतर वर्डप्रेसवर वूकॉमर्स चढवा, थीम निवडा, फोटो टाका, झालं!

मला भांडायचंय ते या 'थीम निवडा'वाल्या पायरीशी. ती आपण मोठ्या स्क्रीनवर, फुकटच्या वायफायवर, कॉफी पीत पंधरा मिनिटांत उरकतो. आणि निवडतो कोणती? जी आपल्याला आवडते ती. दुकान मावशीचं, गिऱ्हाईक मावशीचं, आणि आवड मात्र आपली!

मंडळी, एक साधी गोष्ट आपण विसरतो. थीमचा डेमो गिऱ्हाइकाला माल विकायला बनवलेला नसतो, तो दुकानदाराला थीम विकायला बनवलेला असतो. त्यात आठच वस्तू असतात. प्रत्येकीचं नाव दोन शब्दांचं. फोटो स्टुडिओत काढलेले. त्यात कुठलीही थीम देखणीच दिसणार! तिथे 'उपासाची भाजणी, अर्धा किलो' असं नाव आणि जेवणाच्या टेबलावर मोबाईलने काढलेला फोटो टाकून बघा. चौकटी वरखाली होतात, नाव तीन ओळींत मोडतं, आणि काहीशे डॉलरची थीम रविवारच्या जुन्या बाजारासारखी दिसायला लागते.

माझी मावशी मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला विकते. तिला एका एजन्सीने 'प्रीमियम लुक'वाली थीम लावून दिली होती. पहिल्या पानावर स्क्रीनभर फोटोंचा सरकता स्लायडर, आणि किंमत कुठे? तर वस्तूवर माऊस नेला की दिसणार! अहो, मोबाईलला माऊस असतो का? गिऱ्हाईक बिचारं फोन करून विचारायचं, "अर्धा किलो केवढ्याला?" मावशी दिवसभर फोन घेत बसायची. म्हणजे दुकान ऑनलाइन आणि भाव विचारायला ऑफलाइन. वर एजन्सीचं म्हणणं, "काकू, याला मिनिमल डिझाईन म्हणतात."

दुसरी गंमत आपल्या लिपीची. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. त्यांच्या त्या नाजूक फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं बहुतेक वेळा नसतातच, मग ब्राउझर फोनमधला मिळेल तो फॉन्ट लावतो. मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून थीममध्ये अक्षरांत जागा सोडलेली असते. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि 'गोडा मसाला' कात्रीने कापल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की उकार आणि वेलांट्या एकमेकांत घुसतात. हे दुरुस्त करायला सीएसएसच्या चार ओळी आणि 'मुक्त' किंवा 'बलू'सारखा चांगला, फुकट मिळणारा फॉन्ट पुरतो. पण त्यासाठी डेमोत आधी मराठी मजकूर टाकून बघावा लागतो. किती जण बघतात?

इथवर सगळं निष्काळजीपणात खपून गेलं असतं. मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. बऱ्याच थीममध्ये आणि त्यांच्यासोबतच्या प्लगिनमध्ये काही 'विक्री वाढवणाऱ्या' सोयी तयारच असतात. 'फक्त २ शिल्लक!' 'ऑफर संपायला ९ मिनिटं ५८ सेकंद!' पान पुन्हा उघडा, घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर. 'आत्ताच कोणीतरी हे विकत घेतलं', असंही कोपऱ्यात येऊन जातं. कोणी? कधी? मावशीने आयुष्यात वजनात दहा ग्रॅम कमी दिलं नाही, आणि तिच्या नावाच्या पाटीखाली आपण तिला रोज खोटं बोलायला लावतो. तिला तर त्याचा पत्ताही नसतो!

आणि हा नुसता नीतीचा प्रश्न नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत, आणि खोटी घाई करणं हा त्यातलाच एक. ती फक्त बड्या कंपन्यांना नाहीत, विक्रेत्यांनाही लागू आहेत. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिक केलेल्या चौकटीतून खरेदीची संमती घेण्यावर बंदी घातली आहे. नोटीस आली तर ती थीम बनवणाऱ्याला येणार नाही, मावशीला येईल.

"पण दिसण्यावरच विश्वास बसतो ना?" हा प्रश्न हमखास येतो. बरोबर आहे, बसतो. पण कशाच्या दिसण्यावर? पुण्यातल्या दुकानांच्या पाट्या आठवा. आपण त्यांना हसतो, पण काय मिळेल, काय मिळणार नाही, दुकान कधी बंद, शाखा आहे की नाही, सगळं एका नजरेत. अनोळखी दुकानात पैसे टाकणाऱ्या माणसाला हेच हवं असतं: किंमत, वजन, पोचायला किती दिवस, परत घेता का, यूपीआय चालतं का, आणि भांडायला फोन नंबर. हे ठळक दिसलं की विश्वास बसतो. धूसर डोंगराच्या फोटोवर पातळ पांढऱ्या अक्षरात 'परंपरेचा प्रवास' लिहून कोणाचा बसतो?

तेव्हा निवडायची रीत सांगतो. दुकानातली सगळ्यात लांब नावाची वस्तू, सगळ्यात वाईट फोटो आणि मराठी वर्णन घ्या. ते थीममध्ये टाका. घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, आणि तो घरातल्या सगळ्यात कमी उत्साही माणसाच्या हातात द्या. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, हे गूगलचंच माप आहे. बटण दाबायला जावं आणि पान खाली सरकून भलतंच दाबलं जावं, असं झालं तर थीम बाद. काही न विचारता किंमत सापडली आणि पैसे भरता आले तर थीम पास. या परीक्षेत शॉपिफायच्या साध्या फुकट थीम किंवा वूकॉमर्सची स्टोअरफ्रंट कित्येकदा महागड्या थीमच्या पुढे जातात. दिसायला साध्या असतात, पण आडव्या येत नाहीत.

आपल्याला स्वतःची कलाकुसर दाखवायची हौस असेल तर स्वतःची वेबसाईट आहे की. तिथे हवं तेवढं पॅरलॅक्स करा, कोणी अडवलंय? मावशीच्या दुकानात मात्र एखाद्या आजोबांना आठ वाजता, एसटीत बसून, एका हाताने पाव किलो मेतकूट मागवता आलं पाहिजे. तेवढं जमलं की थीम चांगली.