अजून एक अटेम्प्ट?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा नवी पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेर, चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा. कुणी लातूरचा, कुणी नांदेडची, कुणी साताऱ्याचा. बोलणं कट-ऑफवरून सुरू होतं आणि हमखास एका वाक्यावर येऊन थांबतं : "एवढी वर्षं घातलीत, आता सोडून कसं चालेल?"

मित्रांनो, आज या वाक्याबद्दलच बोलायचंय. कारण आपल्यापैकी अनेकांना परीक्षेपेक्षा हे वाक्यच जास्त अडकवून ठेवतं.

आधी आकडे बघू. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून जास्त अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले सुमारे ५ लाख ९२ हजार. अंतिम यादीत नावं लागली १,०१६. म्हणजे साधारण ५८० जणांत एक. बाकीच्यांनी अभ्यासच केला नव्हता का? तसं नाही, जागाच तेवढ्या! तिथे खुल्या प्रवर्गाला निदान सहा अटेम्प्टची मर्यादा तरी आहे. राज्यसेवेसाठी याच प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ झाली. संधी वाढली हे चांगलंच, पण थांबायचं कधी हे ठरवायची जबाबदारी आपल्यावर आली.

आणि तिथेच गोची होते. १९८५ मध्ये आर्केस आणि ब्लुमर या अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नाटकांची सीझन तिकिटं त्यांनी काहींना पूर्ण किमतीत, काहींना सवलतीत दिली. नाटकं सगळ्यांना तीच. तरी सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. का? तर पैसे गेलेत, वसूल करायला हवेत! आपण तिकिटाच्या जागी वर्षं मोजलेली असतात, एवढाच फरक. पण गेलेली तीन वर्षं चौथ्या अटेम्प्टने परत मिळत नाहीत. त्यामुळे निर्णय घ्यायचा तो पुढच्या वर्षाकडे बघून.

त्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मार्क दरवेळी कट-ऑफच्या जवळ सरकतायत का? आज नव्याने सुरुवात करायची असती, तर हीच वाट धरली असती का? मेस आणि रूमचे पैसे घरून अजून किती महिने येऊ शकतील, हे आई-बाबांशी मोकळेपणाने बोललोय का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून तोच आधी.

थांबायची तारीखही आत्ताच ठरवा, डोकं शांत असताना. निकालाच्या रात्री घेतलेला निर्णय रागाचा असतो, नाहीतर रडण्याचा.

"पण तो अमका शेवटच्या अटेम्प्टला पास झालाच ना?" झाला की! त्याचा गावात फ्लेक्सही लागला. शेवटच्या अटेम्प्टला नापास झालेल्यांचे फ्लेक्स लागत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

सोडणं सोपं नाही, मान्य. गावी गेल्यावर काका विचारतातच, "काय साहेब, निकाल कधी?" पण पाच-सहा वर्षांत राज्यघटना कळली, अर्थसंकल्प वाचता येऊ लागला, रोज दहा तास बसायची सवय लागली. हे सगळं तुमच्यासोबतच येतं. पोस्ट नाही मिळाली म्हणून ते कुणी काढून घेत नाही.

तेव्हा पुढचा फॉर्म भरायचा असेल तर जरूर भरा. फक्त भरण्याआधी एका कागदावर कारण लिहा, 'एवढी वर्षं गेली' हे सोडून दुसरं. सापडलं तर मनापासून शुभेच्छा. नाहीच सापडलं, तर निदान पुढचं वर्ष तरी वाचवा. ते अजून खर्च झालेलं नाही.