डोलकाठीला ठोकलेले निशाण

इंग्रजीतील ‘नेल युवर कलर्स टू द मास्ट’ या वाक्प्रचाराचे ‘डोलकाठीवर रंग ठोकणे’ असे भाषांतर एका विद्यार्थिनीने नुकतेच मला दाखविले. हसू आवरले, कारण शालेय वयात मीही हाच घोटाळा केला होता. येथे ‘कलर्स’ म्हणजे जहाजाचे निशाण.

शिडाच्या जहाजांच्या काळी निशाण उतरविले की शरणागती समजली जाई. ते दोरीने न चढविता खिळ्यांनीच ठोकले, तर उतरविण्याची सोयच उरत नसे. शत्रूला आव्हान दिले जाई आणि स्वतःची माघारही बंद होई.

या वाक्प्रचारासोबत जॅक क्रॉफर्ड याचे नाव हमखास येते. इंग्लंडमधील संडरलंडचा हा साधा खलाशी. ११ ऑक्टोबर १७९७ रोजी कॅम्परडाऊन येथे ब्रिटिश व डच आरमारांची गाठ पडली. ॲडमिरल डंकन यांच्या ‘व्हेनरेबल’ जहाजाच्या डोलकाठीचा शेंडा तोफांच्या माऱ्यात तुटला आणि निशाण खाली आले. गोळ्यांच्या वर्षावात जॅक वर चढला व त्याने ते पुन्हा ठोकले. लढाई ब्रिटिशांनी जिंकली. गावाने त्याला रौप्यपदक दिले, राजाने वर्षाला ३० पौंडांचे निवृत्तिवेतन. पुढे मात्र दारू आणि दारिद्र्य यांनी त्याला गाठले. ते पदकही विकावे लागले. १८३१ च्या पटकीच्या साथीत तो गेला आणि गोरगरिबांच्या कबरीत पुरला गेला. गावात त्याचा पुतळा उभा राहिला तो १८९० साली!

मराठीत ‘शड्डू ठोकणे’ जवळचे वाटते खरे. पण शड्डू ठोकणारा हरल्यावर अंग झटकून आखाड्याबाहेर पडू शकतो. ‘पाय रोवून उभे राहणे’ अधिक जुळते, तरी त्यात जाहीरपणा नाही, आणि इंग्रजी प्रयोगाचा प्राण तोच आहे. वादग्रस्त प्रश्नावर एखाद्याने आपली बाजू चारचौघांत सांगितली व परिणाम पत्करले, तरच तो वापरावा. सभेत मौन बाळगून घरी तावातावाने बोलणाऱ्यांना (आपल्यात त्यांची वाण नाही) तो लागू पडत नाही.

‘विथ फ्लाइंग कलर्स’ मधील ‘कलर्स’ ही तेच: निशाण फडकवीत परतलेले जहाज. प्रगतिपुस्तकावर शिक्षक हे शब्द लिहितात, तेव्हा मुलांना रंगपंचमी आठवते. हे ऐकून त्या विद्यार्थिनीने वहीतील ‘रंग’ खोडला आणि समासात एक लहानसे जहाज काढले.