मंगलाष्टकांनंतरचा संसार

मराठी मालिकांतील लग्ने मोठ्या थाटाची असतात. हळद, मेंदी, सीमांतपूजन असे करीत आठवडा-पंधरवडा एकाच कार्यात जातो. मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात आणि लवकरच त्या घरात तिसरे माणूस शिरते. संसार नावाची जी दीर्घ वाटचाल अक्षता पडल्यावर सुरू होते, ती पडद्यावर क्वचितच दिसते. टिकणाऱ्या दाम्पत्यप्रेमाचे चित्रण हा आपल्या दूरचित्रवाणीचा सर्वांत दुबळा भाग आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ ते २०२१ आणि 'आई कुठे काय करते' ही २०१९ ते २०२४ अशी चालली. दोन्हींचा पाया पतीचा विश्वासघात हाच. पत्नीने तो मुकाट्याने सोसावा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. राधिकाने मसाल्यांचा उद्योग उभारला, अरुंधतीने स्वाभिमानाने घर सोडले, याचे प्रेक्षक भगिनींनी स्वागत केले, ते योग्यच होते. अन्याय दाखवू नये, असा आमचा आग्रह नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. विश्वासघात हाच विवाहाचा स्वभावधर्म ठरला, तर उपवर मुलामुलींनी त्यातून काय घ्यावे?

याचे कारण धंद्याच्या गणितात आहे. दैनंदिन मालिकेला ठरलेला शेवट नसतो. टीआरपीचे आकडे दर आठवड्याला समोर येतात आणि त्यांवर जाहिरातींचे दर ठरतात. सुखाने नांदणारे जोडपे उद्याच्या भागाची उत्कंठा निर्माण करीत नाही. म्हणून कथेत संशय, कारस्थान आणि फारकत आणावीच लागते. लेखक दुष्ट नसतो. त्याला गोष्ट संपविण्याची मुभा नसते, एवढेच.

ही मुभा मिळाली तेव्हा काय घडले, हेही मराठी प्रेक्षकाने पाहिले आहे. २०१२-१३ मधील 'उंच माझा झोका' ही मालिका न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांच्या सहजीवनावर होती. १८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या, तर माधवराव एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे नमून एका बालिकेशी लग्न केले, हा त्या संसाराचा सदोष आरंभ. परंतु पतीने पत्नीला शिकविले; घरातील स्त्रियांचा विरोध सोसून ती शिकली. १९०१ मध्ये माधवराव गेले. पुढे रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि १९१० मध्ये सहजीवनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. तेथे तिसऱ्या व्यक्तीची गरज पडली नाही. दोन माणसांनी एकमेकांना घडविणे, हेच पुरेसे नाट्य होते.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यत्वाचे मानले आहे. पैठणचे संत एकनाथ गृहस्थाश्रमी होते. श्राद्धाचे अन्न त्यांनी भुकेल्या अंत्यजांना वाढले, या कथेत गिरिजाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या असतात. समाजाच्या रोषाला दोघे मिळून सामोरे जातात. हे दाम्पत्यप्रेम नव्हे, तर काय?

आणि इतके मागे जाण्याचेही कारण नाही. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी घ्या किंवा मराठवाड्यातील कोणतेही गाव घ्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी संसार तगविला, त्या पिढीतील जोडपी आज वृद्ध आहेत. पेरणीसाठी डोरले गहाण ठेवणारी पत्नी आणि पुढे पीक साधताच ते आधी सोडवून आणणारा पती, हे प्रेम बोलून दाखविले जात नाही. पण ते टिकते. सायंकाळी त्यांच्याच घरात मालिका लागते आणि तीत त्यांच्यासारखे कोणी नसते.

वाहिन्यांनी शंभर-दीडशे भागांत संपणाऱ्या कथा द्याव्यात, ही मागणी प्रेक्षकांनी पत्रे लिहून सातत्याने करावी. बंदीच्या घोषणांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. दरम्यान घरातील वडीलधाऱ्यांनी एक काम अवश्य करावे. मालिका संपली की नातवंडांना जवळ बसवून आपल्या संसाराची गोष्ट, त्यातील भांडणांसह, सांगावी. ती सांगणारे फार काळ राहणार नाहीत.