पेंढ्यापासून मद्यार्क : संशोधक आणि कारखानदार यांचा व्यवहार

पंजाब व हरियाणा या राज्यांत भाताची कापणी झाल्यावर गव्हाच्या पेरणीपर्यंत शेतकऱ्याच्या हाती दोन-तीन आठवड्यांचाच अवधी उरतो. यंत्राने कापलेल्या भाताचा पेंढा शेतात तसाच पडून असतो. तो उचलावयाचा तर मजूर हवेत, गाड्या हव्यात, पैसा हवा. म्हणून काडी ओढली जाते, आणि तो धूर दिल्लीपर्यंत जाऊन पोहोचतो.

या पेंढ्यात इंधन दडलेले आहे, हे रसायनशास्त्राला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. पेंढ्यातील सेल्युलोज म्हणजे शर्करेच्या रेणूंची एक लांबच लांब साखळी होय. ती तोडली की साखर मिळते आणि साखर आंबवली की मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल. परंतु ही साखळी लिग्निन नावाच्या चिवट द्रव्यात गुंडाळलेली असते. ते आवरण आम्ल, अल्क किंवा वाफ यांच्या योगे प्रथम सैल करावे लागते. मगच विकरे, ज्यांना एन्झाइम असेही म्हणतात, आपले काम करू शकतात.

प्रयोगशाळेतील चंबूत हे साधते. मात्र तेथे येणारा पेंढा स्वच्छ, वाळवलेला आणि मूठभर असतो. त्याच्याबरोबर माती पाठविण्याचे कोणास सुचत नाही. कारखान्याच्या दाराशी जो पेंढा येतो त्यात वाळू असते, ओल असते, आणि भाताच्या काडीत मुळातच सिलिका विपुल असल्याने यंत्रांची पाती झिजतात. शिवाय वर्षभराचा कच्चा माल काही आठवड्यांत गोळा करून साठवावा लागतो. तो जागा फार अडवितो आणि त्याला आगीचे भय असते. पुष्कळशा उत्तम शोधांची वाट चंबू आणि कारखाना यांच्यामध्येच खुंटते. हे मधले अंतर तोडण्यास संशोधनसंस्था व कारखानदार यांनी प्रारंभापासून एकत्र बसणे अवश्य आहे.

मुंबईची माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९३३ साली विद्यापीठाचा एक विभाग म्हणून निघाली. तेव्हापासून कारखानदारीशी तिचे येणेजाणे आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने तेथे २००८ साली ऊर्जाविषयक जीवशास्त्राचे केंद्र उभे राहिले. त्या केंद्राने बसविलेली पद्धत २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे, एका खाजगी रसायन कंपनीच्या आवारात, दररोज १० टन शेतकचरा हाताळणाऱ्या प्रात्यक्षिक संयंत्रात उतरली. १० टन म्हणजे प्रयोगशाळेच्या मानाने अफाट आणि धंद्याच्या मानाने नगण्य. फायदा न देणारी ही पायरी कोणालाच नकोशी असते, आणि म्हणूनच सार्वजनिक पैसा तिच्यावर खर्च होणे उचित आहे.

पुढची पायरी पानिपतला पाहावयास मिळते. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर इंडियन ऑइलने उभारलेल्या तेथील कारखान्याचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजी झाले. त्यासाठी ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर मद्यार्क काढण्याची ती योजना होय. हिशेब केला तर टनामागे १५० लिटर.

असे कारखाने बंदही पडतात. अमेरिकेच्या आयोवा राज्यात ड्यूपाँट कंपनीने मक्याच्या ताटांपासून वर्षाला सुमारे ११ कोटी लिटर मद्यार्क काढण्यासाठी २०१५ साली कारखाना उघडला आणि २०१७ साली विकावयास काढला. कॅन्ससमधील अबेंगोआ या स्पॅनिश कंपनीचा कारखाना २०१४ साली उघडून पुढच्याच वर्षाच्या अखेरीस थांबला. कंपन्यांच्या स्वतःच्या आर्थिक उलाढालीही त्यास कारण झाल्या, हे खरे. परंतु कारखाना विकला जातो तेव्हा कोणते यंत्र कशाने अडले, किती पेंढा कुजला, हा महागाचा अनुभव कंपनीच्या कपाटात बंद राहण्याचा संभव असतो, आणि पुढचा कारखानदार तीच ठेच नव्याने खातो.

आपल्या देशात हे होऊ देणे परवडणारे नाही. २०१९ साली केंद्र सरकारने अशा कारखान्यांच्या साहाय्यासाठी १९६९ कोटी ५० लक्ष रुपयांची योजना मंजूर केली. हा पैसा जनतेचा आहे. विकरांची कृती वा यंत्राची रचना यांवर कंपनीने पेटंट घ्यावे. ज्याने धोका पत्करला त्याला तेवढा हक्क आहे. पण कारखाना वर्षातून किती दिवस चालला, साठ्यात किती माल नासला, पेंढ्याचे गठ्ठे बांधण्यास टनामागे काय खर्च आला, हे आकडे कोणाचाच शोध नव्हेत. सरकारी साहाय्याच्या करारातच ते ठराविक मुदतीनंतर प्रसिद्ध करण्याची अट असावी. प्रतिस्पर्ध्याला फायदा होईल, असा आक्षेप कारखानदार घेतील. तो फायदा व्हावा, यासाठीच तर सरकारने पैसा दिला.

२०२५ साली पेट्रोलात २० टक्के मद्यार्क मिसळण्याची मजल देशाने गाठली. मात्र तो बहुतांशी ऊस आणि धान्य यांपासून आलेला आहे. पेंढ्याचा वाटा अद्याप अल्प आहे. तो वाढावयाचा तर पानिपतचा हिशेब भटिंड्याच्या शेतकऱ्यालाही वाचता आला पाहिजे. कारण गठ्ठे बांधण्याचे यंत्र विकत घ्यावे की काडी ओढावी, हे त्याला त्या दोन-तीन आठवड्यांतच ठरवावे लागते.