शिकार कोणाची, गुन्हा कोणाचा?

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो आणि अलीकडे माणकोली, पूर्णा, दापोडे, काल्हेर या पट्ट्यातील गोदामांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. परंतु तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे आणि तेथून डोंगराच्या पायथ्याला गेले की याच तालुक्याचे दुसरे रूप दिसते. तेथे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. ज्या जागेवर झोपडी उभी आहे ती जागाही बहुतेकांच्या मालकीची नाही. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची नोंद सरकार ‘आदिम’ म्हणून करीत आले, त्यांपैकी कातकरी ही एक. एकेकाळी खैराच्या झाडापासून कात काढणाऱ्या या जमातीचे जंगल गेले, कात गेला, आणि आता तिच्या वाट्याला वीटभट्टी आली आहे.

या वाड्यांवरील चूल केवळ मजुरीवर पेटत नाही. भातकापणी झाली की बांधावरची बिळे खणून उंदीर काढायचे, उंदराने बिळात साठविलेले दाणेही वेचून घ्यायचे. पहिल्या पावसात वळगणीचे मासे धरायचे, ओढ्यातले खेकडे पकडायचे. आणि फासात सापडलाच तर एखादा ससा, एखादे तितर. सुखवस्तू माणसाला यात रानटीपणा दिसतो. कातकऱ्याच्या पोराला मात्र वर्षातून मांसाचे जे चार घास मिळतात ते याच मार्गाने मिळतात. उंदीर, मासे, खेकडे मारण्याबद्दल वन्यजीव कायदा त्याला पकडत नाही. ससा, तितर किंवा रानडुक्कर मारले की तो गुन्हेगार होतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घोरपडीसारखा पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल तर किमान तीन वर्षे कैद ठरलेली आहे. पावसाळ्यात ज्याच्या घरात आठवड्याचे धान्य नसते त्याच्यासाठी एक लाख रुपये ही रक्कम म्हणजे पुढील कित्येक वर्षांची भट्टीमालकाची गुलामी होय.

भुकेसाठी आणि परंपरेने केलेल्या शिकारीचा हा प्रश्न भिवंडीपुरता नाही. जपानमधील तायजी येथे डॉल्फिनांचे कळप हाकून खाडीत कोंडले जातात आणि मारले जातात. डेन्मार्कच्या अधिपत्याखालील फेरो बेटांवरही शतकानुशतके हेच चालत आले आहे. त्यावर जगभर वाद माजतो आणि प्रत्येक वेळी दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, ही आमची परंपरा आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. दुसरा म्हणतो, हे क्रौर्य आहे, ते आजच्या आज थांबले पाहिजे. समाजवादी विचाराच्या माणसाने या दोहोंपैकी एका गोटात घाईघाईने जाऊन बसू नये. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे आणि दोघेही नेमका मुद्दा टाळतात.

परंपरेचा दावा प्रथम तपासू. जी गोष्ट पूर्वापार चालत आली ती त्या कारणाने न्याय्य ठरते, हे तत्त्व या देशातील कोणत्याही पुरोगामी चळवळीला मान्य करता येणार नाही. अस्पृश्यता परंपरेनेच चालत आली होती. ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारीलाही सावकार रीतच म्हणत, आणि 1945 साली वारल्यांनी ती रीत मोडली तेव्हा परंपरा बुडाल्याचे दुःख कोणत्याही कष्टकऱ्याला झाले नाही. शिवाय परंपरेच्या नावाखाली पुष्कळदा निराळाच व्यवहार लपलेला असतो. तायजीची आजची हाकारा-शिकार याच रूपात 1969 पासूनची आहे; आणि तेथे मांसासाठी मारलेल्या डॉल्फिनापेक्षा मत्स्यालयांना जिवंत विकलेल्या डॉल्फिनाला कितीतरी पटींनी अधिक किंमत येते. याला भुकेची शिकार म्हणता येणार नाही. हा व्यापार आहे. फेरो बेटांवर शिकारीचे मांस गावात फुकट वाटण्याची रीत आहे, आणि ती रीत निःसंशय चांगली आहे. पण 12 सप्टेंबर 2021 रोजी तेथे एका दिवसात 1,428 डॉल्फिन मारले गेले तेव्हा खुद्द बेटवासीयांनाही ते मानवले नाही आणि पुढील वर्षी सरकारला 500 ची मर्यादा घालावी लागली. गरज संपते तेथे परंपरेचा नैतिक आधारही संपतो, हे त्या लोकांनी स्वतःच मान्य केले.

आता करुणेचा दावा पाहू. डॉल्फिन हा कळपाने राहणारा, पिलाला दूध पाजणारा, वेदना आणि भय जाणणारा प्राणी आहे. फासात पाय अडकून रात्रभर तडफडणारा ससाही वेदनेच्या बाबतीत त्याच्याहून वेगळा नाही. माणसाच्या दुःखाविषयी बोलणाऱ्याने मुक्या जिवाच्या दुःखाकडे पाठ फिरवावी, हे समतेच्या विचाराला शोभणारे नाही. तेव्हा करुणा खोटी नाही. प्रश्न आहे तो करुणेचा भार कोणावर टाकला जातो, हा.

त्याचे उत्तर आपल्या कायद्याच्या इतिहासात सापडते. देशातील अखेरचे तीन चित्ते 1947 च्या सुमारास कोरिया संस्थानच्या राजाने गोळ्या घालून मारले, असे मानले जाते. राजे-साहेबांच्या शिकारीत रान उठविण्यासाठी हाकारे देणारी माणसे मात्र गरीब रानकरी असत. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यक होता, आणि आजही आहे. परंतु त्या कायद्यात शिकारीच्या परवान्याची तरतूद होती आणि ती 1991 च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. म्हणजे 19 वर्षे कायद्याचा अर्थ असा होता की ज्याच्याजवळ बंदूक, परवाना आणि फुरसत आहे त्याने ससा मारला तर तो शौक, आणि ज्याच्याजवळ केवळ फास आणि भूक आहे त्याने मारला तर ती चोरी. आजही पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर परवानगी घेऊन मारता येते. पण मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. शेजारच्या वाडीवरील उपाशी माणसाला त्यावर हक्क नाही.

याच कायद्याच्या 65 व्या कलमाने निकोबार बेटांवरील आदिवासींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवले आहेत. व्यापारी देवमासेमारीवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही अलास्का आणि ग्रीनलंड येथील मूलनिवासींची पोटापुरती शिकार वेगळी मानली असून तिला मोजके कोटे दिले आहेत. म्हणजे पोटासाठीची आणि बाजारासाठीची शिकार यांत फरक करता येतो, आणि तो कायद्याच्या भाषेत लिहिताही येतो. मुख्य भूमीवरील आदिवासीसाठी तो लिहिला गेला नाही. ‘ऐतिहासिक अन्याय’ दूर करण्याची भाषा करणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

मग कातकऱ्याला शिकारीची मोकळीक द्यावी काय? नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही. मोकळीक मिळाली की पहिल्यांदा तिचा फायदा घेईल तो व्यापारी. ‘हत्ताजोडी’ नावाने भाग्याची मुळी म्हणून जी वस्तू विकली जाते ती प्रत्यक्षात नर घोरपडीचे सुकविलेले जननेंद्रिय असते. तिचे गिऱ्हाईक वाडीवर राहत नाही, ते शहरात राहते. अशा बाजाराने एकदा जंगलात पाय ठेवला की घोरपड संपते आणि कातकरी पुन्हा मजूरच राहतो, फक्त मालक बदलतो. उरलेसुरले जंगलही आता थोडे आहे. भिवंडी आणि वसई यांच्यामधील तुंगारेश्वरच्या डोंगराला 2003 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील प्राणी वाचले पाहिजेत, कारण ते संपले तर सर्वांत अगोदर जंगलाच्या आधाराने जगणाराच उघडा पडणार आहे.

पण प्राणी कोणी संपविले, याचा हिशेब एकदा चोख मांडला पाहिजे. भाताची खाचरे भरून गोदामे झाली, तेव्हा बांधही गेले आणि बांधातील जीवही गेले. खाडीकाठची तिवरे भरावाखाली गाडली गेली. कामवारी नदीत रंगाई-धुलाईचे आणि शहराचे सांडपाणी गेले, तेथे मासा कोणत्या कायद्याने वाचणार? फेरो बेटांवरही हेच घडले. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी 2008 साली सल्ला दिला की पायलट व्हेलचे मांस खाऊ नये, कारण त्यात पारा व इतर विषारी द्रव्ये साठली आहेत. ते विष शिकाऱ्यांनी समुद्रात सोडले नव्हते, दूरच्या कारखान्यांनी सोडले होते. परंपरागत अन्न नष्ट करण्याचे काम उद्योग करतो आणि अपराधाची नोंद मात्र शिकाऱ्याच्या नावावर होते. तायजीपासून तानश्यापर्यंत हा न्याय सारखाच आहे.

यातून वाट नाही असे नव्हे. कोकण किनाऱ्यावरील कोळी ज्याला गादा म्हणतात तो डॉल्फिन जाळ्यात अडकला तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारास महाराष्ट्र शासन डिसेंबर 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते. या योजनेमागील तत्त्व महत्त्वाचे आहे: संरक्षणाची किंमत समाजाने द्यायची असते, ती एका गरीब माणसाच्या जाळ्यातून वसूल करायची नसते. तमिळनाडूतील इरुळा जमातीचे उदाहरण याहून बोलके आहे. सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर सापधऱ्या इरुळांची रोजी बुडाली. 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप धरतात, विष काढतात, साप पुन्हा रानात सोडतात, आणि त्या विषापासून सर्पदंशावरील लस तयार होते. ज्या ज्ञानाला कायदा गुन्हा म्हणत होता तेच ज्ञान सहकाराने लोकोपयोगी केले. 2023 मध्ये या जमातीतील दोघा सापधऱ्यांना पद्मश्रीही मिळाली. कातकऱ्याला रानाचे, नदीचे आणि मातीचे जे ज्ञान आहे त्याच्या आधारावर असे काही उभे करण्याचा प्रयत्न ठाणे जिल्ह्यात का होऊ नये?

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, घरात दाणा नसतो आणि त्याच दिवसांत भट्टीमालकाची उचल घेतली जाते. फासाकडे हात जातो तोही याच दिवसांत. म्हणून प्रत्येक वाडीवरील प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रिका मिळाली का, अंत्योदयाचे पूर्ण धान्य मिळते का, हे पाहणे म्हणजेच वन्यजीवांचे रक्षण आहे. आदिवासींच्या पावसाळ्यातील उपासमारीसाठी 1978 साली खावटी योजना सुरू झाली. 2020 साली कुटुंबामागे 4,000 रुपयांचे अनुदान द्यावे लागले ते टाळेबंदीच्या संकटात. अशी मदत संकटाची वाट न पाहता दर पावसाळ्यापूर्वी पोचली पाहिजे. उचलीच्या रूपाने जेथे माणूस बांधला जातो तेथे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तक्रार झाली पाहिजे. वनहक्क कायद्याने आदिम जमातींना त्यांच्या वस्तीक्षेत्राचा हक्क दिला आहे, मासे आणि पाण्यातील इतर उत्पादनांचा हक्क दिला आहे, आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हे दावे वाडी-वाडीवर भरले गेले पाहिजेत.

आणि वाडीवर बसून आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. पोटात अंडी असलेला मासा किती धरावा, विणीच्या दिवसांत फास लावावा की नाही, व्यापाऱ्यासाठी घोरपड मारणाऱ्याला जमातीने काय सांगावे, याचा निर्णय ग्रामसभेने स्वतः घ्यावा. वरून लादलेली मर्यादा चुकविली जाते; आपण घातलेली मर्यादा पाळली जाते. कातकरी हा केवळ दयेचा विषय नाही आणि केवळ आरोपीही नाही. तो विचार करू शकणारा नागरिक आहे, आणि रानातल्या जिवांविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार गोदामाच्या मालकापेक्षा खचितच मोठा आहे.

सशाचा जीव मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या समाजाने कातकऱ्याच्या मुलाचा जीव कधी मोलाचा मानला नाही, त्याने सशाच्या बाजूने न्यायाधीश होऊन बसण्यापूर्वी आपला जुना हिशेब चुकता केला पाहिजे. तो चुकता होईल त्या दिवशी बहुतेक फास आपोआप सुटलेले असतील.