संत्र्याची पानं पिवळी पडली, पण कारण कोणतं? शोधाचा एक धागा पुण्यात आहे

हिंगोलीत संत्रा किंवा मोसंबीची पानं पिवळी पडू लागली की पहिला संशय जस्ताच्या कमतरतेवर जातो. अनेकदा तो बरोबरही असतो. पण भारी काळ्या जमिनीत पाणी साचून फायटोफ्थोरा बुरशीने मुळं कुजली, म्हणजे डिंक्या आला, तरी झाड असंच पिवळं पडतं. आणि 'ग्रीनिंग' रोगातही.

फरक उपायात आहे. जस्ताची फवारणी करता येते. डिंक्यावर पाण्याचा निचरा आणि बोर्डो पेस्ट कामी येते. ग्रीनिंग झालेलं झाड मात्र बरं होत नाही. ते वेळेत काढलं नाही तर शेजारची झाडंही जातात.

भारतात शेंड्याकडून वाळणाऱ्या झाडांचा दोष आधी जमीन, खत, पाणी यांच्यावरच टाकला जायचा. 1967 मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या एस. पी. कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ यांनी दाखवलं की ग्रीनिंग सायला या रस शोषणाऱ्या किडीमार्फत पसरतो. म्हणजे पसरवणारा सापडला, पण मूळ गुन्हेगार नाही. तेव्हा सगळ्यांना तो विषाणू वाटत होता.

1970 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या अन्नवाहिन्यांत जीवाणूसारखे कण दिसले. 1994 मध्ये डीएनएवरून त्या जीवाणूला नाव मिळालं. त्याचा जो आशियाई नमुना अभ्यासला गेला, तो 'पूना' म्हणून ओळखला जातो.

तरीही 'लिबेरिबॅक्टर' या नावाआधी आजही 'कॅन्डिडेटस', म्हणजे उमेदवार, असं लावतात. रोगजंतू वेगळा काढायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा, निरोगी झाडात सोडून तोच रोग आणून दाखवायचा, ही पुराव्याची जुनी रीत. हा जीवाणू तसा वाढवणंच अवघड आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा रोग पोहोचला आणि तिथल्या बागा उद्ध्वस्त झाल्या, तरी ही अडचण सुटलेली नाही.

बागेत ओळखायचं कसं? जस्त कमी असेल तर पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखीच नक्षी दिसते. ग्रीनिंगमध्ये एका बाजूचे डबके दुसऱ्या बाजूशी जुळत नाहीत, आणि फळं लहान, वाकडी राहतात. हा फक्त अंदाज झाला. खात्री पीसीआर चाचणीनेच होते. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे. हिंगोलीकरांना त्याआधी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात पानं दाखवता येतील.

रोगट झाडाच्या डोळ्यापासून बांधलेलं कलमही रोगटच असतं. त्यामुळे नवी बाग लावताना रोपं स्वस्त कुठे मिळतात याआधी डोळे कोणत्या झाडाचे घेतले, हे रोपवाटिकेत विचारायला हवं.